सद्गृहस्थ कोणाला म्हणावे?

मागच्या वर्षी बी.ए.च्या वर्गावर मी हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी शिकवीत होतो. हिंगोली जिल्ह्यातले आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. वर्गातली निम्म्याहून अधिक मुले अशी, की पदवीच्या दारापर्यंत पोचलेली आपापल्या घरातली तीच पहिली. मीही त्यांच्यातलाच, फक्त पंधरा वर्षे आधीचा. रघुनाथरावांचे स्वभावचित्र सांगताना मी माझ्या जुन्या टिपणातले वाक्य उच्चारले : रघुनाथराव हा मराठी कादंबरीतला आदर्श सद्गृहस्थ आणि प्रेमळ पती होय. मुलांनी ते उतरवून घेतले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. एका वाडीवरून रोज एस.टी.ने येणारी, सहसा न बोलणारी. तिने विचारले, "सर, रघुनाथराव गेले तेव्हा यमूच्या नावावर काय होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो. हा प्रश्न परीक्षेला येत नाही, असे म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. नंतर कळले, की त्या मुलीचे वडील करोनात गेले आणि चुलत्यांनी सातबाऱ्यावर तिच्या आईचे नाव अजून चढू दिलेले नाही. तिने परीक्षेसाठी विचारले नव्हते. तिचा प्रश्न मी टाळला, याची टोचणी मनाला लागून राहिली. ती मुलगी वर्गात येते, पण पुन्हा काही विचारत नाही. तिला द्यायचे उत्तर मी इथे लिहीत आहे.

आधी शब्द तपासू. इंग्रजांबरोबर 'जंटलमन' हा शब्द आला आणि मराठी शिष्टांनी त्याला गृहस्थ, सद्गृहस्थ, सभ्य असे प्रतिशब्द दिले. आपण ते रोज वापरतो, पण त्यांच्या पोटात काय आहे ते पाहत नाही. गृहस्थ म्हणजे घर असलेला, चार आश्रमांपैकी दुसऱ्या आश्रमातला. पण ज्यांना आश्रमाचा अधिकारच नाकारला गेला, ज्यांची वस्ती गावाबाहेर असावी असे मनुस्मृतीने सांगितले, त्यांचे घर या शब्दात कुठे बसते? सभ्य म्हणजे सभेत बसण्यास योग्य. ज्याला सभेच्या कडेला जोड्यांपाशी उभे राहावे लागले, तो कितीही नीतीने वागला तरी सभ्य कसा ठरणार? आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्याकडे आणखी दोन शब्द रुजले, 'शरीफ' आणि 'खानदानी'. आजही सोयरीक जुळवताना माणसे कसे शिकले, कसे वागतात हे नंतर विचारतात. 'खानदानी हायेत का' हे आधी विचारतात. एक शब्द घर विचारतो, दुसरा सभेतली जागा आणि तिसरा कूळ. हा माणूस आपल्यापेक्षा दुबळ्याशी कसा वागतो, हे यांपैकी एकही शब्द विचारीत नाही.

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे आणि नामदेवांचे नरसीही आहे. औंढ्याची आख्यायिका लहानपणी प्रत्येकाच्या कानांवरून जाते. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला लावले, आणि देऊळच फिरून नामदेवांच्या समोर आले. देऊळ फिरले की नाही, हा इतिहासाचा प्रश्न नाही. ही गोष्ट कोणी का जपली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. सभ्यांच्या सभेतून मागे पाठवलेल्यांच्या मनात एक आस शतकानुशतके जिवंत राहिली. आपण पुढे जाऊ शकत नसू, तर देवळानेच तोंड फिरवावे, ही ती आस. माणसे फिरली असती, तर देवळाला फिरावे लागले नसते.

आता कादंबरीकडे येऊ. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. एका ब्राह्मण विधवेने, यमूने, स्वतः सांगितलेली ही कहाणी आहे. तिचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. ती वाड्यातली कादंबरी आहे, आमच्या वस्तीची तीत दखल नाही, म्हणून ती फेकून द्यावी असे म्हणणारा मी नव्हे. एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून, तिच्या घरगुती भाषेत, पानेच्या पाने बोलावे आणि ते खोटे वाटू नये, हे त्या काळात सोपे नव्हते.

शिवाय या कादंबरीने एक नवे माप आणले. तोपर्यंत पुरुषाचे गृहस्थपण वाड्याच्या दारावर ठरत होते : किती माणसे येतात, पंगती किती उठतात, स्नानसंध्या वेळेवर होते की नाही. हरिभाऊंनी माजघरात दिवा नेला आणि विचारले, हा पुरुष बायकोशी कसा वागतो? बाहेर सोवळे आणि आत ढोंग असलेले शंकरमामंजी या दिव्यात उघडे पडतात. यमूची मैत्रीण दुर्गी आणि तिचा छळ करणारा नवराही उजेडात येतो. आणि याच उजेडात रघुनाथराव मोठे होतात. ते यमूला शिकवतात, तिच्याबरोबर वाचतात, तिचे मत विचारतात. मुंबईत दोघांचा वेगळा संसार सुरू होतो, तेव्हा तिला पहिल्यांदा श्वास घेता येतो. मराठी कादंबरीत प्रेम हे अप्सरेच्या वर्णनातून उतरून दोन माणसांच्या बोलण्यात आले, ते इथे. प्रेम ही सद्गृहस्थपणाची कसोटी झाली, तीही इथेच.

आणि मग रघुनाथराव मरतात. यमू सासरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती येते. जी बाई कालपर्यंत वर्तमानपत्र वाचत होती, तिचे केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध केले जाते. त्या मुलीचा प्रश्न इथे उभा राहतो. यमूच्या नावावर काय होते?

काहीच नव्हते. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीपलीकडे हक्क नव्हता. नवऱ्याच्या मालमत्तेत हिंदू विधवेला मर्यादित हिस्सा देणारा कायदा १९३७ मध्ये झाला आणि पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने दिली. रघुनाथरावांचे प्रेम खरे होते, पण ते त्यांच्या श्वासाइतकेच टिकले. यमूला जे मिळाले ते एका भल्या माणसाची कृपा म्हणून मिळाले, आणि कृपा करणारा गेला की कृपाही जाते. तिचे वाचन, तिचे मत, तिच्या डोक्यावरचे केससुद्धा तिचे नव्हते. ते रघुनाथरावांच्या भलेपणाच्या भरवशावर होते. दुर्गीचा नवरा वाईट होता आणि यमूचा चांगला. पण दोघींचे हात सारखेच रिकामे होते. माझ्या टिपणात हे नव्हते. ते एस.टी.ने येणाऱ्या मुलीला दिसले, कारण तिच्या आईचे हातही तसेच आहेत.

त्या काळात याहून वेगळे सद्गृहस्थ नव्हते काय? होते, पण ते वाड्यात नव्हते.

ज्या १८९० साली यमूची कहाणी छापली जाऊ लागली, त्याच वर्षी मुंबईत न्हावी समाजातले लोक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. या हालचालीमागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. 'दीनबंधू' चालवणारे आणि १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे हेच लोखंडे. या संपाची बातमी लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत पोचली. मराठी साहित्याच्या इतिहासात मात्र 'पण लक्षात कोण घेतो'च्या प्रकरणाशेजारी हा संप मला क्वचितच मांडलेला दिसला. असे का व्हावे?

जरा विचार करा. विधवेचे केशवपन धर्मशास्त्राच्या पोथीने होत नाही. ते वस्तऱ्याने होते आणि वस्तरा कोणाच्या तरी हातात असतो. तो हात शास्त्र्याचा नव्हता, सासऱ्याचाही नव्हता. तो हात जातीने नेमलेला होता. आपल्याहून वरच्या घरातल्या बाईचे डोके भादरायचे आणि त्याचे पैसे किंवा धान्य घ्यायचे, हे त्याच्या माथी मारलेले काम होते. त्या माणसांनी वस्तरा खाली ठेवला. त्या बायका त्यांच्या जातीच्या नव्हत्या, नात्याच्या नव्हत्या. उलट त्यांच्याच घरांतून या माणसांचा स्पर्श कामापुरता चालत असे आणि काम संपले की विटाळ होत असे. मिळकत बुडणार हे ठाऊक असून त्यांनी नकार दिला.

माझ्या मते सद्गृहस्थाची व्याख्या इथे सापडते. जो प्रेमळ आहे तो चांगला माणूस खरा. पण दुसऱ्याला दुखवण्याचे जे साधन समाजाने आपल्या हाती दिले आहे, ते जो खाली ठेवतो, तो सद्गृहस्थ. रघुनाथरावांनी आपल्या अधिकाराचा वापर दयेने केला. न्हाव्यांनी तो वापरायचेच नाकारले. दया आणि नकार यांतले अंतर यमूच्या डोक्यावरून मोजता येते.

घर असलेला तो गृहस्थ, असे आपण म्हटले. मग ज्याने घर उघडले त्याला काय म्हणावे? १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण विधवा तिथे येऊन गुपचूप बाळंत होऊ शकत होत्या. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जडले. ती गरोदर राहिली. गावकऱ्यांनी दोघांना धरून रस्त्यातून मारत नेले आणि ठार करण्याची तयारी केली. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकार तुम्हाला सोडणार नाही असा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. पुढे त्या दोघांना त्यांनी जोतीरावांकडे रवाना केले.

यमूच्या कादंबरीआधी बावीस वर्षे ही कहाणी घडली. यात प्रेम आहे, धोका आहे, पळ आहे आणि वेळेवर धावून आलेली बाईही आहे. कादंबरीला आणखी काय लागते? तरीही ती आमच्या अभिजात कादंबरीचा विषय झाली नाही. कारण त्या कादंबरीतला सद्गृहस्थ प्रेम करीत होता ते उंबऱ्याच्या आत आणि जातीच्या आत. गणेश आणि शारजाचे प्रेम ज्या रस्त्यावरून फरफटत गेले, तो रस्ता अजून संपलेला नाही. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलला, हे कारण सांगितले गेले. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्याला वाचवायला धावून येणारे कोणी त्या दिवशी नव्हते.

इथपर्यंत मी दुसऱ्यांविषयी लिहिले. पण सद्गृहस्थाचे माप दुसऱ्यांना लावायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे, हा त्या शंकरमामंजींचाच मार्ग झाला.

चार्ल्स डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी १८६०-६१ मधली. पिप नावाचा अनाथ मुलगा, त्याला वाढवणारा लोहार मेहुणा जो, आणि पिपच्या राकट हातांना हसणारी एस्टेला. त्या हसण्याने पिपला आपल्या हातांची लाज वाटते आणि तिच्या प्रेमापायी तो जंटलमन व्हायला निघतो. कोणा अज्ञात दात्याच्या पैशांवर तो लंडनला जातो. पुढे कळते, की तो पैसा एका शिक्षा झालेल्या गुन्हेगाराने दूर देशात राबून पाठवलेला होता. मधे जो त्याला भेटायला लंडनला येतो, तेव्हा पिप संकोचाने गोठतो आणि जो त्याला 'सर' म्हणू लागतो. एम.ए.ला असताना ते प्रकरण मी वाचले आणि पुस्तक मिटले. पुढे बरेच दिवस ते उघडले नाही.

कारण माझाही एक जो होता. माझा बा सालगडी. वर्षाचे साल ठरवून दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि हळदीच्या हंगामात कढईवर हळद शिजवायचा. आमच्या भागात हळदीचा बाजार मोठा, वसमत-हिंगोलीची हळद दूरवर जाते. त्या दिवसांत बाच्या हातांचा पिवळा रंग महिनोन्महिने निघत नसे. मी शहरात वसतिगृहात राहून शिकत होतो. एकदा तो न कळवता आला. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर ज्वारीचे पोते, नखांत हळद. माझ्याबरोबर दोन मित्र होते. एकाने विचारले, कोण रे हे? मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. सामान घेऊन आलेत." बाने ते ऐकले. तो मित्राकडे वळून म्हणाला, "व्हय, गावाकडलाच हाय मी. सरांच्या घरून ज्वारी देली, ते आणून टाकली." मी तेव्हा सर नव्हतो. विद्यार्थी होतो. माझे खोटे त्याने आपल्या पाठीवर घेतले, पोते उतरवले आणि पाणीही न पिता संध्याकाळच्या गाडीने परत गेला. गावी मायजवळ त्याने हे कधीच काढले नाही. मला कधी बोल लावला नाही.

मला खाली पाहायला लावण्याचे साधन त्या दिवशी बाच्या हातात होते. एक वाक्य पुरले असते. ते त्याने वापरले नाही. अंगठा उठवणाऱ्या या माणसाहून मोठा सद्गृहस्थ माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि हे मला त्याच्या माघारी कळले.

पण आपल्या बापांचे गोडवे गाऊन आपण सुटू नये. आमच्याही घरांत वस्तरे आहेत. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिले, ते नवऱ्यापासून आणि घरापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, त्या घरात एका बाईला आपली वही दडवावी लागली. हे आत्मकथन १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले, तेव्हा वस्तीतल्या सुनांचा छळही त्यात उघड लिहिलेला होता. बाहेरच्या जगाला समता मागणारा आमचा पुरुष घरात कोण आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. आम्ही त्या पुस्तकाचा सत्कार केला. प्रश्नाचे उत्तर दिले का?

बाबासाहेबांचा कोट-टाय आमच्या तरुणांना फार प्रिय आहे. तो प्रिय असलाच पाहिजे. ज्यांच्या अंगावर काय असावे हे दुसरे ठरवीत होते, त्यांच्यासाठी तो पोशाख बंड होता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायकांसमोर बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जातीची खूण असलेले दागिने टाकायला सांगितले, ते याचसाठी. पण कोट शिंपी शिवतो, सद्गृहस्थ शिंपी शिवत नाही. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत तिचे मन, तिचे शील आणि त्या दोघांच्या वाट्याला आलेल्या टंचाईच्या, मित्रहीन दिवसांत तिने सोबत सोसलेले दुःख यांचे ऋण त्यांनी जगासमोर मान्य केले. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकलेल्या माणसाने एका निरक्षरप्राय बाईचे ऋण एका राजकीय ग्रंथाच्या दारावर लिहून ठेवले.

तेवढ्यावरच ते थांबले असते, तर तेही रघुनाथरावच ठरले असते, फार तर अधिक मोठे. पण पुढे कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल उचलले. बाईला वारसा, घटस्फोट, दत्तक यांत हक्क मिळावा म्हणून ते चार वर्षे झगडले. बिल अडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. त्या बिलाने ज्यांचे भले होणार होते, त्या बहुतेक बायका वरच्या जातींतल्या, वाड्यांतल्या होत्या. मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला होता. बाबासाहेबांनी वस्तरा धरता येऊच नये असा कायदा मागितला आणि त्यासाठी खुर्ची सोडली. यमूच्या नावावर काय होते, हा प्रश्न भारताच्या संसदेत कोणी विचारला असेल, तर तो गावकुसाबाहेरच्या माणसाने विचारला.

तेव्हा माझे उत्तर असे. यमूच्या नावावर काहीही नव्हते, आणि म्हणून रघुनाथराव प्रेमळ होते, एवढेच लिहा. सद्गृहस्थ हा शब्द खोडा. तो जपून वापरायचा शब्द आहे.

हे लिहिताना मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. चार वर्षांपूर्वी कर्ज काढून मी गावठाणात दोन खोल्या बांधल्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर एकट्याचे, माझेच नाव आहे. लग्न झाले तेव्हा पत्नी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे शिक्षण सुटले. मी सोडवले नाही, पण चालू राहावे म्हणून काही केलेही नाही. गावात तिला 'सरांची बायको' म्हणतात. ते मला मान वाटत होते. गेल्या आठवड्यात तिचे नाव उताऱ्यावर लावण्याचा अर्ज मी लिहिला आणि सही करण्यापूर्वी तिला वाचून दाखवला. वाटले, ती खूश होईल. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "इतके दिवस काहून नव्हतं लावलं?"

मी गप्प बसलो. अर्ज दिला आहे. तिचा परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख पुढच्या महिन्यात आहे.